श्रॉपशरमधलं आठवड्याचं घर : भाड्यापलीकडचा हिशेब

समजा तुमच्यासमोर दोन घरं आहेत. पहिलं क्लन नदीच्या खोऱ्यात, अरुंद रस्त्याच्या पार टोकाला, चारी बाजूंना मेंढ्यांची कुरणं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आठवड्याचं भाडं ६५० पौंड. दुसरं लडलो गावात, जुन्या दगडी वेशीच्या आत. अंगण नाही, दार थेट रस्त्यावर उघडतं, पण किल्ला, बाजार आणि रेल्वे स्टेशन सगळं पायी. भाडं ८५० पौंड. दोन्हीकडे दोन बेडरूम, चार माणसांची सोय. फोटो बघून बहुतेकांचं बोट पहिल्यावर जातं. दृश्य चांगलं, वर दोनशे पौंडांची बचत.

आता बेरीज करू. पहिल्या घराला आठवडाभर गाडी हवीच, कारण जवळचं दुकान काही मैलांवर आणि बस असून नसल्यासारखी. छोटी ऑटोमॅटिक गाडी आणि तिचा जादा विमा मिळून ४०० पौंड धरा, पेट्रोल आणि पार्किंगचे ८५. झाले ११३५. दुसऱ्या घराला बर्मिंगहॅम विमानतळावरून रेल्वेने जाता येतं. दोन मोठे, दोन लहान अशा कुटुंबाने ३५ पौंडांचं फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढलं, तर मोठ्यांच्या तिकिटात एक तृतीयांश आणि मुलांच्या तिकिटात साठ टक्के सूट मिळते. जाण्यायेण्याचे शंभर-सव्वाशे, आठवड्यातल्या बस-रेल्वे फेऱ्यांचे साठ-सत्तर. एकूण १०७५ च्या आसपास. महाग घर स्वस्त पडलं, शिवाय रात्री जेवून चालत घरी येता आलं.

म्हणजे प्रत्येकाने लडलोतच राहावं असं नाही. सहा-आठ जणांचं कुटुंब असेल, घरात गाडी चालवणारे दोघं असतील किंवा लंडन-रेडिंगकडून स्वतःची गाडी घेऊन मुलगा-सून येणार असतील, तर गणित उलटतं. एवढंच की भाडं हा सुट्टीचा फक्त पहिला आकडा. घर कुठे आहे, चावी कोणत्या वारी मिळते आणि चूल कसली आहे, यावर उरलेले आकडे ठरतात. कॉटेज शोधताना लोक नेमकं हेच शेवटी बघतात.

श्रॉपशरच का, हेही सांगायला हवं. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून असलेली ही काउंटी. कॉट्सवोल्ड्समध्ये किंवा लेक डिस्ट्रिक्टमध्ये याच दर्जाच्या घराला बरेच जास्त पैसे पडतात, आणि उन्हाळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. इथे सीमेवरचे किल्ले आहेत, लाकडी चौकटींची काळी-पांढरी घरं आहेत, लाँग मिंडसारखे गवताळ डोंगर आहेत, आणि जगातला पहिला मोठा लोखंडी पूलही इथलाच. मोठं शहर एकही नाही. ज्याला सुट्टीत खरेदीची पेठ हवी, त्याने इथे येऊ नये.

(खालचे भाड्याचे आणि खाण्यापिण्याचे आकडे २०२५ च्या सुमाराचे अंदाज आहेत. हिशेबासाठी पौंडाला १२० रुपये धरले आहेत.)

तारखा

इंग्लंडमध्ये कॉटेजचा दर शाळा ठरवतात. तिथल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरच्या आरंभापर्यंत चालते. या सहा आठवड्यांत चार जणांच्या घराला ९०० ते १४०० पौंड मोजावे लागतात. तेच घर मे, जून, सप्टेंबरमध्ये ६५० ते ९५० आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ४०० ते ६०० पर्यंत उतरतं. मध्ये ईस्टर, नाताळ आणि प्रत्येक सत्रातली आठवडाभराची सुट्टी आली की दर पुन्हा चढतो.

इथे महाराष्ट्रातल्या पालकांच्या हाती आयतं घबाड आहे. आपली उन्हाळी सुट्टी मे महिनाभर आणि जूनच्या मध्यापर्यंत असते, तेव्हा इंग्लंडमधली मुलं वर्गात बसलेली असतात. मे महिन्यात पहिला सोमवार आणि शेवटचा सोमवार बँक हॉलिडे, आणि शेवटच्या सोमवारचा आठवडा तिथल्या शाळांच्या मधल्या सुट्टीचा. एवढं टाळलं की दोन उत्तम खिडक्या उरतात : मेचे मधले दोन आठवडे आणि जूनचे पहिले बारा-पंधरा दिवस. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एका दिवसाच्या तिकिटात दीड दिवसाचं फिरणं होतं.

दिवाळीची सुट्टी स्वस्त वाटते, पण जपून. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे पुन्हा आठवड्याची सुट्टी असते. ती संपली की दर कोसळतात हे खरं, मात्र साडेचारलाच अंधार पडतो आणि बरीच ऐतिहासिक ठिकाणं फक्त शनिवार-रविवार उघडतात. चुलीजवळ पुस्तक घेऊन बसणाऱ्यांसाठी हा काळ छान. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी न जाणंच बरं.

दुसरी गोष्ट वाराची. बहुतेक घरं शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. दुपारी चारला आत, निघायच्या दिवशी सकाळी दहाला बाहेर. हंगाम नसेल तेव्हा तीन रात्री किंवा चार रात्री मिळतात, पण चार रात्रींचं भाडं आठवड्याच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातं, म्हणून तेवढ्यासाठी तारखांची ओढाताण करू नये. विमानाचं तिकीट काढण्याआधी घराचा वार बघा. बुधवारी उतरून शनिवारी घर मिळणार असेल, तर मधल्या तीन रात्रींचं हॉटेल कुणीही जाहिरातीत लिहीत नाही.

पैसे कधी आणि कसे

बुकिंग करताना साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश रक्कम द्यावी लागते. उरलेली मुक्कामाच्या आठ ते दहा आठवडे आधी. भारतातून जाणाऱ्याची कोंडी इथे होते. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी मागता येत नाही आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे व्हिसा हातात येईतो उरलेले पैसे भरायची तारीख जेमतेम एक-दोन आठवड्यांवर येते. उपाय एकच. खिडकी उघडेल त्याच आठवड्यात अर्ज करा आणि रद्द केल्यास किती पैसे परत, हे बुकिंगआधी वाचून ठेवा. काही कंपन्या थोडी जादा रक्कम घेऊन तारीख बदलून देतात. व्हिसाचा निकाल लागायचा असेल, तर ती रक्कम वाया गेली असं समजू नये. सहा महिन्यांच्या व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५ पासून माणशी १२७ पौंड झालं, लहान मुलालाही तेवढंच. चौघांचे ५०८ पौंड, म्हणजे सुमारे ६१ हजार रुपये. अर्ज करायच्या दिवशीचा दर सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या, तो खाली येण्याची सवय त्याला नाही.

क्रेडिट कार्डाने पैसे भरताना परकीय चलनावर साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. ८०० पौंडांच्या भाड्यावर हे जवळपास चार हजार रुपये होतात. कमी अधिभाराचं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड असेल तर ते वापरा. घरमालक कंपनीला टाळून थेट बँकेत पैसे पाठवा म्हणाला, तर सवलत कितीही गोड असो, नको म्हणा. फसवणुकीच्या जाहिराती नेमक्या तिथूनच सुरू होतात.

घर कुठे शोधायचं? साइक्स कॉटेजेससारख्या मोठ्या कंपन्या आणि एअरबीएनबी सगळ्यांना माहीत आहेत. याशिवाय नॅशनल ट्रस्ट आपल्या मालकीची जुनी घरं सुट्टीसाठी देतं. लँडमार्क ट्रस्ट ही संस्था पडायला आलेल्या ऐतिहासिक वास्तू दुरुस्त करून भाड्याने देते. श्रॉपशरमध्ये अ‍ॅक्टन बर्नेलजवळचं लँगली गेटहाउस त्यांचंच. अशा ठिकाणी टीव्ही आणि वायफाय मुद्दामच ठेवत नाहीत. घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे आधी सांगा, नंतर सांगू नका.

चार जणांच्या घरात पाचवा माणूस चालत नाही. आपल्याकडे ‘मावशी दोन रात्री येईल, गादी टाकू’ ही गोष्ट किरकोळ असते. तिथे ती विम्याची आणि आगीच्या नियमांची गोष्ट होते, आणि मालक पैसे परत न देता बाहेर जायला सांगू शकतो. पाळण्यातलं बाळ बहुधा मोजत नाहीत, तरी विचारून घ्या.

जुनं घर म्हणजे काय

‘सतराव्या शतकातलं कॉटेज’ असं वाचून मन मोहरतं. पण त्या वाक्याबरोबर काही गोष्टी न सांगता येतात. तुळया कपाळाला लागतील इतक्या खाली. जिना अरुंद आणि उभा, कधीकधी कठड्याऐवजी दोरखंड. बऱ्याच घरांना ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण असतं, त्यामुळे मालकाला मनात असूनही खिडक्या बदलता येत नाहीत आणि एकेरी काचेच्या खिडकीतून मे महिन्यातही रात्री गारवा येतो. पुण्याहून आलेल्या सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जाणार असाल, तर फोटोंऐवजी नकाशा मागा. खालच्या मजल्यावर झोपायची खोली आहे का, संडास कोणत्या मजल्यावर, न्हाणीघरात उभं राहून शॉवर घेता येतो की टबमध्ये पाय उचलूनच जावं लागतं. या प्रश्नांची उत्तरं मालक सरळ देतात. विचारलं नाही तर कुणी आपणहून सांगत नाही.

तापवणं कशावर, हेही विचारा. गावात गॅसची वाहिनी नसेल तर तेलावरचा बॉयलर किंवा विजेचे हीटर असतात. वीज, तेल, पाणी बहुधा भाड्यातच असतं. क्वचित हिवाळ्यात मीटर वाचून वेगळे पैसे घेतात. लाकडाची शेगडी असेल तर पहिली टोपली फुकट मिळते, पुढची जाळीची पिशवी पेट्रोल पंपावर किंवा दुकानात सहा-आठ पौंडांना. ओली लाकडं पेटवू नयेत, काच काळी होते आणि धूर घरात येतो. चादरी आणि टॉवेल बहुतेक ठिकाणी मिळतात, काही ठिकाणी माणशी पैसे पडतात. आडबाजूच्या घरांचं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं, म्हणून तळणीचं तेल मोरीत ओतू नका आणि ओले रुमाल संडासात टाकू नका. टाकी तुंबली तर अनामत रकमेतून खर्च वळता होतो.

मोबाइलला रेंज असेलच असं नाही. नकाशे आधी फोनमध्ये उतरवून घ्या. खेड्यात एकच पोस्टकोड कित्येक शेतांना मिळून असतो, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवून निघालात तर गाडी दुसऱ्याच्या गोठ्यासमोर थांबते. मालकाने पाठवलेला ‘उजवीकडे लाल टपालपेटी, मग फाटक’ असा मजकूर कागदावर छापून घ्या.

स्वयंपाकघर

कॉटेजचे पैसे वसूल होतात ते इथे. पबमध्ये एका माणसाच्या जेवणाला १५ ते २० पौंड पडतात, मुलांच्या ताटाला सात ते नऊ. पेयं धरून चौघांचं एक जेवण ७० ते ८० पौंडांना जातं, म्हणजे नऊ हजार रुपये. तेवढ्यात चौघांची तीन-चार दिवसांची भाजी, दूध, ब्रेड, अंडी, तांदूळ येतात. आठवड्याच्या किराण्याला १४० पौंड पुरे होतात. चार पाइंटचं, म्हणजे सव्वादोन लिटरचं दूध दीड पौंडाच्या आसपास मिळतं, आणि ते उत्तम असतं.

पण चूल कसली ते बघा. इंडक्शन असेल तर तुमचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही. स्टीलच्या बुडाचा इंडक्शनवर चालणारा छोटा कुकर सामानात टाकला तर वरण-भाताची चिंता मिटते. शेतघरांमध्ये कधी आगा नावाची जाडजूड ओतीव लोखंडी शेगडी असते. ती कायम तापलेली राहते आणि आच कमीजास्त करायची म्हणजे भांडं एका चकतीवरून दुसरीवर सरकवायचं. तिच्यावर भात छान होतो, पोळ्यांशी मात्र तिचं जमत नाही. फोडणी घालताना खिडकी उघडा आणि आतल्या खोलीचं दार लावा, नाहीतर धुराची घंटा साऱ्या आळीला कळवते की पाहुणे आले आहेत.

मसाले, पोहे, रवा, डाळ घरून न्या. तूप, पेढे, बर्फी, मांसाचे पदार्थ नेऊ नका. भारतातून दूध आणि मांस यांचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे आणि आजीने दिलेला डबा विमानतळावर टाकून द्यावा लागतो. बर्मिंगहॅमला उतरत असाल तर हँड्सवर्थच्या सोहो रोडवर कढीपत्त्यापासून सगळं मिळेल. पुढे श्रॉपशरमध्ये ते शोधत बसू नये.

शनिवारी चारला घर मिळालं, आवरून सात वाजले आणि खरेदी रविवारवर टाकली, तर लक्षात ठेवा की इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी ठेवता येतात. बहुतेक दहा ते चार. लडलोत स्टेशनला लागूनच टेस्को आहे, येतानाच तिथे थांबणं सोपं. सुपरमार्केट घरपोच सामान देतात आणि कॉटेजच्या पत्त्यावरही येतात, मात्र मालकाला कळवून ठेवा. लडलोच्या किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी बाजार भरतो. भाज्या, ब्रेड आणि चीज तिथून घ्या. श्रॉपशर ब्लू हे केशरी रंगाचं चीज आवर्जून चाखा, पण स्थानिक म्हणून घेऊ नका. ते पहिल्यांदा स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला तयार झालं, नाव तेवढं श्रॉपशरचं. काटेकोर शाकाहारी असाल तर चीजच्या वेष्टनावर शाकाहारी असल्याचं लिहिलंय का पाहा, विरजणात प्राण्याचं रेनेट असू शकतं.

पबमध्ये जायचं तर वेळ पाळा. दुपारी दोन-अडीचला स्वयंपाकघर बंद होतं, संध्याकाळी सहाला उघडतं आणि रात्री साडेआठ-नऊला शेवटची मागणी घेतात. रविवारचं दुपारचं जेवण आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही. मुलं भुकेली झाल्यावर तीन वाजता खेड्यात जेवण शोधणं, हा या सुट्टीतला सगळ्यात महाग प्रसंग ठरू शकतो, कारण मग वीस मैलांवरच्या कॅफेत मिळेल ते खावं लागतं.

गाडी, रेल्वे आणि पाय

आपल्याला दोन गोष्टी आयत्या मिळतात : गाडी डावीकडूनच चालवायची आणि बहुतेकांचा हात गिअरवर बसलेला असतो. मॅन्युअल गाडी घेतली तर ऑटोमॅटिकपेक्षा आठवड्याला सत्तर ते शंभर पौंड वाचतात. भारतीय परवान्यावर पाहुण्याला बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. तिथे राहायला गेलेल्यांनी मात्र वर्षभरात तिथला परवाना काढलेला असायला हवा. मुलीच्या घरी आलेले वडील चालवू शकतात आणि दीड वर्ष राहिलेला जावई नाही, असं होऊ शकतं.

भाड्याच्या गाडीची खरी किंमत काउंटरवर कळते. अपघात झाल्यास पहिले हजार-पंधराशे पौंड तुमचे, आणि तेवढी रक्कम कार्डावर अडवून ठेवतात. हे कार्ड चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्डच हवं. ही जबाबदारी उतरवणारा विमा तिथल्या तिथे घेतला तर दिवसाला १५ ते २५ पौंड. स्वतंत्र पॉलिसी आधी घेतली तर बरीच स्वस्त, फक्त ती भारतात राहणाऱ्याला लागू आहे का ते वाचा. बारा वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खास आसन कायद्याने लागतं, त्याचं भाडं वेगळं. दुसरा चालक, तेही वेगळं.

रस्त्यांबद्दल एक इशारा. श्रॉपशरमधले आडरस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणझाडी. समोरून ट्रॅक्टर आला की जो रुंद जागेच्या जवळ असेल त्याने मागे जायचं. मागे घेता येत नसेल तर असं घर घेऊ नका. फलकावर वेग ताशी साठ मैल असला तरी तो तुम्ही गाठायचा आकडा नव्हे. चर्च स्ट्रेटनहून लाँग मिंडवर चढणारा बर्वे नावाचा रस्ता एका बाजूने उघडा आहे. धुक्यात तिथे जाऊच नये. ताम्हिणी किंवा आंबोलीत गाडी चालवलेल्यालाही इथे घाम फुटेल, कारण इथे हॉर्न वाजवायची पद्धत नाही.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी मँचेस्टर ते कार्डिफ हा ट्रान्सपोर्ट फॉर वेल्सचा मार्ग श्रूजबरी, चर्च स्ट्रेटन, क्रेव्हन आर्म्स, लडलो असा उतरतो. लहान स्टेशनांवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत. इंग्लंडमध्ये बसच्या एका फेरीला जानेवारी २०२५ पासून तीन पौंडांची कमाल मर्यादा आहे. श्रूजबरी ते लडलो ४३५ क्रमांकाची बस डोंगरांच्या कुशीतून जाते, आणि तीन पौंडांत तेवढं दृश्य कुठे मिळत नाही. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका.

पायवाटांना पैसे नाहीत. पिवळा बाण म्हणजे पायी जायचा हक्काचा मार्ग, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मोकळा. वाट शेतातून, कधी कुणाच्या अंगणातून जाते आणि ते कायद्याने चालतं. फाटक जसं सापडलं तसं सोडायचं. वासरं असलेल्या गाईंपासून लांब राहायचं. ऑर्डनन्स सर्व्हेचा २१७ क्रमांकाचा एक्सप्लोरर नकाशा लाँग मिंड आणि वेनलॉक एजसाठी विकत घ्या, फोनची बॅटरी संपली तरी तो चालतो.

तिकिटं

तिकिटांना आठवड्यात चौघांचे दीडशे पौंड पुरतात, फार तर दोनशे, तेही नीट ठरवलं तर. क्रेव्हन आर्म्सजवळचा स्टोकसे कासल चुकवू नये. तेराव्या शतकाच्या अखेरीस लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेली ही तटबंदीची हवेली जवळजवळ तशीच उभी आहे. माणशी दहा-बारा पौंड. लडलोच्या किल्ल्याला साधारण तेवढेच. याच किल्ल्यात १५०२ मध्ये युवराज आर्थर वारला, म्हणून त्याचा धाकटा भाऊ आठवा हेन्री झाला आणि इंग्लंडचा धर्म बदलला. स्टोकसे, वेनलॉक प्रायरी, रॉक्सिटरचं रोमन शहर, बॉस्कोबेल ही सगळी इंग्लिश हेरिटेज या संस्थेची ठिकाणं. तीन किंवा जास्त बघणार असाल तर परदेशी पाहुण्यांसाठीचा त्यांचा नऊ दिवसांचा पास आणि सुट्या तिकिटांची बेरीज शेजारी मांडून बघा. नॅशनल ट्रस्टचाही सात दिवसांचा असाच पास आहे. दोन्ही पास घेणं मात्र बहुधा अंगावर येतं.

आयर्नब्रिजचा पूल फुकट. १७७९ मध्ये उभा राहिलेला हा पूल पायी ओलांडायला काही पडत नाही. आजूबाजूची संग्रहालयं मात्र महाग आहेत आणि एका दिवसात उरकत नाहीत. ती नॅशनल ट्रस्टकडे जाणार असं २०२५ मध्ये जाहीर झालं, त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांतले दर आणि पास गृहीत धरू नका. जवळच कोलब्रुकडेलला १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने लोणारी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवलं. ती भट्टी बघायला इंजिनीअर मंडळी हटकून थांबतात, बाकीच्यांनी तेवढ्यात आइस्क्रीम खावं. अ‍ॅक्टन बर्नेलचा पडका वाडा, क्लनचा किल्ला, मिचेल्स फोल्डचं पाषाणवर्तुळ, सगळं फुकट. कार्डिंग मिल दरीत पार्किंगचे पैसे घेतात, दरी फुकट.

मराठी माणसाला एक जागा वेगळ्या कारणाने थांबवते. श्रूजबरीच्या चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. क्लाइव्ह याच काउंटीतला. १७६१ पासून मरेपर्यंत तो श्रूजबरीचा खासदार होता. प्लासीच्या आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, अ‍ॅडमिरल वॉटसनबरोबर तो विजयदुर्गावर चालून गेला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं. २०२० मध्ये पुतळा हटवायची मागणी झाली, कौन्सिलने तो ठेवला. पुतळा बघायला पैसे नाहीत. भारतातून गेलेल्या संपत्तीतला काही भाग बघायचा असेल, तर वीस मैलांवर वेल्समध्ये पोविस कासल आहे, त्याला मात्र तिकीट आहे. टिपू सुलतानाच्या वस्तूही तिथेच. आणि क्लाइव्हने भारतातून परतल्यावर विकत घेतलेल्या वॉलकॉट हॉलच्या आवारात आज सुट्टीसाठी घरं भाड्याने मिळतात. तिथे राहायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

एकूण किती

जूनचा पहिला पंधरवडा, चौघांचं कुटुंब, बर्मिंगहॅमहून गाडी, मधल्या दर्जाचं घर. घराचे ८००, गाडी आणि विमा ४००, पेट्रोल-पार्किंग ८५, किराणा १४०, तीन वेळा पब आणि मधला चहा-केक मिळून २८५, तिकिटं १५०, लाकडं-नकाशा-किरकोळ ४०. बेरीज १९०० पौंड, म्हणजे २ लाख २८ हजार रुपये. माणशी दिवसाला ६८ पौंड, आठ हजारांच्या थोडं वर. यात विमान, व्हिसा आणि प्रवास विमा नाही. विमा मात्र घ्याच. पर्यटकाला इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागात उपचार मिळतात, पण दाखल करून घेतलं की बिल तुमच्या नावाने निघतं.

दोन कुटुंबं मिळून आठ जणांचं घर घेतलं तर भाडं दुप्पट होत नाही. तेराशे-पंधराशेत येतं, म्हणजे माणशी एकशे साठ ते एकशे नव्वद पौंडांत आठवड्याचं छप्पर. गाड्या मात्र दोन लागतात, आणि भांडी घासायचं वेळापत्रक कुणीतरी पहिल्याच रात्री फ्रिजवर लावावं.

निघायच्या दिवशी दहाला बाहेर पडायचं म्हणजे आवराआवर आदल्या रात्रीच झाली पाहिजे. कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात, हे घरातल्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. भांडी धुऊन, शेगडी पुसून, राख बादलीत काढून ठेवा. चादरी काढायच्या की तशाच ठेवायच्या हेही तिथेच वाचा. फोडणीचे डाग ओट्यामागच्या भिंतीवर राहिले असतील तर आताच पुसा आणि खोल्यांचे फोटो काढून ठेवा. अनामत परत यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. विमान रात्रीचं असेल तर दिवसभर सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतोच. गाडी असेल तर डिकीत, बॅगा बाहेरून दिसणार नाहीत अशा. रेल्वेने जाणार असाल तर लडलो स्टेशनवर सामान ठेवायची सोय धरून चालू नका. मालकाला दोन दिवस आधी विचारा. पुढचे पाहुणे चारला येणार असतील, तर बॅगा दुपारपर्यंत पडवीत ठेवू देणारे मालक पुष्कळ असतात.